साहेबांच्या फोरहँडवर

टेनिस कोर्टावर बॉल रोज हरवतात, किस्से मात्र साठत जातात. कंपाउंडपलीकडच्या बाभळीत गेलेला बॉल कुणी आणून देत नाही. पण किस्सा एकदा कुणाला सांगितला की तिखटमीठ लावून आपल्याकडेच परत येतो! मी हिंगोलीत शाळेवर पीटीची मॅडम. गावातल्या एकुलत्या एका धड कोर्टावर दोन पोरींना टेनिस शिकवते. लोक म्हणतात, ‘मॅडम, तुमचे किस्से ऐकून पोट दुखतं हसून.’ दुखू दे. माझं दुसरंच काहीतरी दुखतं.

*

वर्षा कुरुंद्याची, इथं मावशीकडे राहून शिकते. रेहाना हिंगोलीचीच, तिच्या अब्बांचं कूलर दुरुस्तीचं दुकान. महिला दुहेरीत या दोघींना जिल्ह्यात तोड नाही. कारण दुसरी जोडीच नाही!

जिल्हा स्पर्धेला आम्ही दर वर्षी जातो. समोर कुणी नसतं. पंच घड्याळ बघतात, थोडा वेळ थांबतात आणि विजेते म्हणून आमची नावं पुकारतात. एकदा फोटोच्या वेळी रेहानानं पाण्याची बाटली स्वतःच्या तोंडावर ओतून घेतली.

‘काहून गं?’ मी विचारलं.

‘मॅडम, फोटोत तरी खेळल्यावानी दिसू द्या ना!’

*

त्याच स्पर्धेत एकदा बक्षीस म्हणून प्रेशर कुकर मिळाला. एकच! पाहुण्यांना मी म्हटलं, ‘साहेब, दुहेरी आहे, पोरी दोन आहेत.’ त्यांनी दोघींकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाले, ‘बहिणी बहिणी आहेत ना? वापरतील मिळून.’

रस्ताभर रेहाना वर्षाला समजावत होती, ‘ऐक, डब्बा तू ने, झाकण मी नेते. ईदला तू झाकण घ्यायला ये.’

*

वर्षाचे वडील पहिल्यांदा कोर्ट बघायला आले तेव्हा हळद काढणीचा हंगाम होता. चप्पल काढून ते आत आले, उकिडवे बसले, सिमेंटवरून हात फिरवला. मला वाटलं, माणूस भारावला.

‘मॅडम, येवढी सपाट जागा,’ ते म्हणाले, ‘शिजवलेली हळद वाळवायला काय झकास हाय! अन् तुमी हिच्यावर निस्तं पळून राहिल्या?’

मी हसले. पण जाताना ते हळूच म्हणाले, ‘पोरीचं यंदा काय व्हायचं ते होऊ द्या. न्हाई झालं तर मग घरी आणतो.’ तेव्हा मात्र हसू आलं नाही.

*

आता मुख्य गोष्ट. कोर्ट अधिकाऱ्यांच्या क्लबचं. पोरींना सकाळी प्रवेश मिळतो, कारण साहेबांना समोर खेळायला कुणीतरी लागतं. आणि आम्हालाही कुणीतरी लागतंच.

सुरुवातीला रेहानानं एक स्मॅश साहेबांच्या पायाजवळून असा काढला की साहेब जागच्या जागी गोल फिरले. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप! ‘कोर्ट दुरुस्ती.’ दुरुस्ती कसली! कोर्टावर झाडूसुद्धा फिरला नाही.

क्लबचे सेक्रेटरी देशमुखकाका. जीव लावणारा माणूस. त्यांनी पोरींना बाजूला घेतलं. ‘बाळांनो, साहेब नेटजवळ आले की बॉल फोरहँडवर द्यायचा. कमरेच्या उंचीला. अलगद. साहेब खूश, कोर्ट चालू!’

पोरी शिकल्या. मन लावून शिकल्या. त्या साहेबांची बदली झाली, दुसरे आले. काका आधी त्यांच्या ड्रायव्हरकडे चौकशी करून आले आणि पोरींना म्हणाले, ‘हे डावखुरे आहेत गं!’

*

यंदा पुण्याच्या एका अकॅडमीच्या सरांनी दोघींना पाहिलं आणि तिथल्याच एका व्यावसायिक स्पर्धेत महिला दुहेरीचा वाइल्डकार्ड मिळवून दिला. रँकिंग नसताना थेट मोठ्या स्पर्धेत! सर म्हणाले, ‘एक मॅच जिंका. दोघींना इथं ठेवून घेतो. राहणं, खाणं, कोचिंग, सगळं आमचं.’

एक मॅच. मी नागनाथाला नवस बोलले, रेहानाच्या अम्मीनं दुआ मागितली.

समोरची जोडी तगडी, त्यातली एक परदेशी. तरी आमच्या पोरी काय खेळल्या! पहिला सेट गेला, दुसरा आणला. मग तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा सुपर टायब्रेक, आणि त्यात नऊ-आठ. आमचा मॅचपॉइंट! रॅलीत त्यांची एक खेळाडू घसरून पडली. दुसरी नेटजवळ एकटी, तिच्यामागं सगळं कोर्ट रिकामं. बॉल वर उडाला, वर्षासमोर आला. मी खुर्चीवरून उठलेच.

वर्षानं रॅकेट मागं नेली. समोर नेटजवळ कुणीतरी उभं दिसलं. आणि तिनं बॉल दिला. फोरहँडवर. कमरेच्या उंचीला. अलगद.

त्या परदेशी पोरीलासुद्धा क्षणभर कळेना, की हे काय आलं! मग तिनं तो मारला. पुढचे दोन पॉइंटही गेले. मॅच गेली.

अकॅडमीचे सर वाईट वाटून म्हणाले, ‘मॅडम, हात छान आहेत हो पोरींचे. पण मारायची वृत्ती नाही. ती आतून असावी लागते.’

परतीच्या गाडीत वर्षा खिडकीकडे तोंड करून बसली होती. एकदाच बोलली. ‘मॅडम, मला न्हाई कळलं. हातच तसा गेला.’

तिच्या वडिलांचा फोन आला. मी उचलला नाही.

*

सोमवारी सकाळी देशमुखकाकांचा निरोप, ‘पोरींना पाठवा, साहेब आलेत.’ गेलो. साहेबांनी विचारलं, ‘काय झालं पुण्याला?’

‘हरलो सर,’ रेहाना म्हणाली.

‘वाटलंच मला!’ साहेब रॅकेट फिरवत नेटजवळ आले. ‘मी रोज बघतो ना. तुम्ही पोरी हातातला पॉइंट सोडून देता. अगं, सोपा बॉल आला की दयामाया नाही, तिथंच संपवायचा! या, दाखवतो. वर्षा, दे बॉल.’

वर्षानं दिला.