इनासदादाचा आठवा तुकडा

फोन वसईहून होता. "अंकल, डॅडी इज नो मोअर," इनासदादाची मुलगी सिंथिया म्हणाली आणि पुढचंही सगळं इंग्रजीतच बोलली. ती लहानपणापासून तशीच, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, शेवटपर्यंत रेडिओची कॉमेंट्री ऐकत होते... आणि मग एकदम थांबून तिनं विचारलं, डॅडींच्या ताटात रोज चपातीचा एक तुकडा उरायचा, का ते तुम्हाला ठाऊक आहे का? मम्मी जन्मभर त्यावरून चिडली, पण त्यांनी कधी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. पण फोनवर उरकून टाकण्यासारखी ती गोष्ट नव्हती, शिवाय ती सांगायची नाही असा शब्द मी इनासदादाला दिलेला होता. भेटल्यावर बोलू, एवढंच म्हणालो.

इनास तुस्कानो मला भेटला तो बहरीनला, सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा. मी कुडाळचा सावंत, पोरसवदा, जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर क्लार्क म्हणून आलो आणि त्याच कंपनीत तो सीनियर क्लार्क होता. गुदैबिया नावाच्या वस्तीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायचो. मी देवापुढे उदबत्ती लावायचो, तो शेजारच्या भिंतीवर मदर मेरीला लावायचा आणि काडी एकच वापरायचो. शुक्रवारी सुट्टी. सकाळी मातीच्या मैदानावर काथ्याची मॅट अंथरून क्रिकेट, दुपारी इनासदादाच्या हातचं हामूर माशाचं कालवण आणि खालच्या इराणी भट्टीवरचे गरम खुबूस, म्हणजे तिकडची मोठी रोटी. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना तो सर्वगुणसंपन्न होता असं म्हणायची पद्धत आहे. इनासदादा नव्हता. बॅटिंग भिकार, बोलिंग त्याहून वाईट, आणि कालवणात मीठ नेहमी जास्त. पण क्रिकेटवर बोलायला बसला की आमची जेवणं थंड व्हायची.

ते दिवसच अष्टपैलू खेळाडूंचे होते. एकाच वेळी चार देशांत चार जण, आणि जो तो म्हणे आमचाच थोर. आमच्या खाली बशीर नावाचा सियालकोटचा टॅक्सीवाला राहायचा. एका शुक्रवारी त्याचं आणि माझं या विषयावरून असं जुंपलं की कालवणाचा टोप लवंडला आणि घरमालक वर आला. तेव्हापासून इनासदादानं कायदा केला, या घरात खेळाडूचं नाव घ्यायचं नाही. मग आमचा तो 'आपला', बशीरचा तो 'शेजारचा', इंग्लंडचा तो 'साहेब' आणि न्यूझीलंडचा 'किवी'. त्या चौघांच्या आधी निवृत्त झालेला वेस्ट इंडिजचा डावखुरा, त्याला मात्र इनासदादा 'थोरले' म्हणायचा. नाव गेलं तसं भांडणातलं विष गेलं, वाद तेवढा उरला.

इनासदादाचं म्हणणं असं, की इंग्रजांचा शब्द आळशी आहे. ऑलराउंडर म्हणजे नुसता गोल फिरणारा. आपल्या मराठी शब्दात हिशेब आहे. अष्टपैलू म्हणजे आठ पैलू, एकही कमी चालणार नाही. बॅट आणि बॉल एवढ्यावर भागवणाऱ्याला तो द्विपैलू म्हणायचा. मग तो खुबूसचे आठ तुकडे करी आणि एकेक तुकडा कालवणात बुडवून पैलू सांगत खाई. बॅटिंग. नवा चेंडू. जुना चेंडू, तिथे शेजारच्याला तोड नाही हे तो बशीरकडे बघून कबूल करी. झेल, ते साहेबानं घ्यावेत. कप्तानी. परक्या खेळपट्टीवरचा खेळ, तिथे किवी. आणि पडत्या काळातला खेळ, निम्मा संघ बाद असताना, दुसऱ्या टोकाला कुणाचा आधार नसताना, तिथे आपला. सात झाले की तो हात धुवायला उठायचा. आठवा तुकडा ताटात तसाच. "इनासभाई, आठवाँ पहलू तो बताओ," बशीर दर शुक्रवारी विचारी. "इंशाल्ला," इनासदादा म्हणे. एवढंच सांगायचा की तो आठवा फक्त थोरल्यांकडे आहे, म्हणून थोरले पहिले. आम्ही तर्क लढवायचो. डावखुरेपण? तीन तऱ्हांची बोलिंग? तो मान हलवून बडीशेप चघळत बसे.

पुढे ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि कंपनीनं माणसं कमी करायला घेतली. स्टोअरमध्ये दोन क्लार्क होते, त्यातला एक ठेवायचा होता. मॅनेजरनं इनासदादालाच सांगितलं, तू सीनियर आहेस, कुणाला काढायचं ते नाव रविवारपर्यंत दे. माझी बायको नुकतीच फॅमिली व्हिसावर आली होती, तिला सातवा लागलेला. आम्ही दोघं वरच्या मजल्यावर वेगळ्या खोलीत राहायला लागलो होतो, पण शुक्रवारचं जेवण इनासदादाकडेच असे. त्या शुक्रवारी बशीर नव्हता, बायको वर आडवी झाली होती. आम्ही दोघंच. इनासदादानं खुबूसचे आठ तुकडे केले आणि म्हणाला, आज थोरले नाहीत न् साहेब नाहीत. आज सावंत आणि तुस्कानो.

मला हसू येईना. तो मात्र नेहमीच्या थाटात सुरू झाला. टायपिंग, त्याचं. अरबी, त्याचंच, माझी तर यल्ला आणि मफी, म्हणजे 'चल' आणि 'नाही', यापुढे गाडी जात नव्हती. स्टॉकचा हिशेब माझा. बंदरावरची ओळख त्याची. जड पेट्या उचलणं माझं. कस्टमवाल्याला शांत करणं त्याचं. अनुभव त्याचा. पाच तुकडे त्याच्यासमोर, दोन माझ्यासमोर, वाद घालायला जागाच नव्हती. मी मनातल्या मनात कुडाळची गाडी पकडली होती. मग त्यानं आठवा तुकडा उचलला आणि माझ्या ताटात ठेवला.

"थोरल्यांनी एकदा डाव घोषित केला होता," तो म्हणाला. "खेळता आलं असतं अजून. पण सामना मरत होता, म्हणून समोरच्याला जागा दिली. हरले, आणि घरच्यांनी लई शिव्या घातल्या. सगळे म्हणतात ती चूक. मी म्हणतो तो आठवा पैलू. आपला डाव आपण थांबवायचा."

"असां नको करू, दादा," मी म्हणालो. माझी मालवणी अशा वेळेलाच बाहेर पडते.

"माझ्या रन झाल्यात रे बाबा. आता खेळलो तर नुसता माझ्यासाठी. खलास." आणि मग बोट रोखून, "वसईत कुणाला कळता कामा नये. ती उपकाराची भाषा मला नको."

रविवारी त्यानं स्वतःचं नाव दिलं. वसईला घरी सांगितलं, कंपनीनं काढलं. तो वाडीत केळी बघू लागला, आणि त्याच्या माघारी सासुरवाडीत, शेजारीपाजारी, लग्नाकार्यात त्याची ओळख तीच झाली... गल्फमधून काढून टाकलेला. दुसऱ्यांची माणसं वीस वर्षं टिकली, आमचीच टिकली नाहीत, असं त्याच्या बायकोलाही बोलताना मी ऐकलं आहे. तो नुसता हसायचा. माझी मुलगी बहरीनला जन्मली, मी पुढे पुष्कळ वर्षं तिथेच काढली, माझ्या घरातली प्रत्येक वीट त्या तुकड्यावर उभी आहे.

महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी वसईला गेलो. मिस्सा झाल्यावर घरी जेवण होतं. सिंथियानं डॅडींचं ताट मांडलं होतं, त्यात एक चपाती. मी शब्द मोडायचं घरून निघतानाच ठरवलं होतं. शब्द इनासदादाला दिला होता, आणि त्याचं नाव खाली पडू द्यायचं नाही हेही मी त्याचंच देणं लागत होतो. सिंथियाला आणि तिच्या आईला जवळ बसवलं, चपातीचे आठ तुकडे केले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आई पदराशी चाळा करत ऐकत होती. आठवा तुकडा ताटात तसाच ठेवला. मग सिंथिया बोलली, आणि मी तिला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच मराठीत बोलली.

"म्हणजे डॅडी आऊट नव्हते."

तिच्या आईनं हात पुढे केला, ताटातला तो तुकडा उचलला आणि तोंडात घातला.