उबेच्या पेटीतले सहा दिवस

देवाविषयी लिहायला मी कोण? आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. माझी मराठी ग्वाल्हेरची, मध्येच हिंदीत घसरणारी. जाणत्यांनी चूक पोटात घालावी. या लिहिण्यात भक्तीपेक्षा राग जास्त आहे, त्याचीही माफी आधीच मागतो.

राग वहिनींपायी होता. त्यांच्या लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. आमच्या दौलतगंज मोहल्ल्यात कुणाचंही डोहाळजेवण असो, वहिनींनी पुरणपोळ्या लाटायच्या आणि ओटी भरायला दुसऱ्या बायकांनी पुढे व्हायचं. खरं तर दोष दादात होता. घरात इंग्रजी रिपोर्ट मीच वाचतो, म्हणून मला ठाऊक होतं. दादा म्हणाला, कुणाला सांगू नकोस. दोन वर्षं मी गप्प राहिलो. माझ्या कॉलेजच्या फॉर्मसाठी ज्या दिवसभर रांगेत उभ्या राहिल्या, त्या वहिनींविषयी मी गप्प राहिलो.

यंदा टेस्ट ट्यूबचा उपाय ठरला. डॉक्टरांनी वहिनींची स्त्रीबीजं काढली तो दिवस नेमका मार्गशीर्ष प्रतिपदेचा निघाला. इकडे घरात खंडोबाचे सहा दिवसांचे घट बसले, तिकडे नऊ बीजं प्रयोगशाळेतल्या उबेच्या पेटीत गेली. पाच दिवस तिथे तगेल तेच भ्रूण वहिनींच्या पोटात ठेवणार होते. एकही तगलं नाही, तर पुन्हा हे सगळं सोसायची ताकद त्यांच्यात नव्हती. दादा सराफ्यात कामाला, तिथे फोन बाहेर जमा करावा लागतो. वहिनींना फोन घ्यायची हिंमत होत नव्हती. म्हणून क्लिनिकच्या फॉर्मवर माझा नंबर होता.

आत्या घटांसाठी दरवर्षी हरिशंकरपुरमहून येते. आल्या आल्या तिनं फर्मान काढलं, की कूस न उजवलेल्या बाईनं नंदादीपाला तेल घालायचं नाही. वर म्हणाली, "काचेत वाढलेलं पोर आपल्या कुळाचं कसं? मल्हारीला काय तोंड दाखवायचं?" वहिनी तेलाची वाटी ठेवून आत गेल्या. मी दात-ओठ खातच ती वाटी उचलून आत्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी फोन आला, नवांपैकी सहा बीजं फळली. चतुर्थीला दुपारी पुन्हा आला. तीनच नीट वाढत होती, प्रत्येकात आठ पेशी. बाकीची थांबली. हे वहिनींना सांगायला माझी जीभ उचलेना. घटासमोर ऊद जळत होता, त्या धुरातून तसाच उठलो, भंडाऱ्याची पुडी खिशात घातली आणि क्लिनिक गाठलं. विज्ञान शिकणारा मी, प्रयोगशाळेतल्या मॅडमना विनवणार होतो की पेटीला एवढा भंडारा लावा.

त्या दार उघडून बाहेर आल्या आणि लांबूनच म्हणाल्या, "भैया, वहीं रुकिए." माझ्या शर्टाला उदाचा वास येत होता. पेटीत हवा जाते, वासाचा, धुराचा भ्रूणांना त्रास होतो, आपण स्वतः पावडरसुद्धा लावून येत नाही, असं त्यांनी समजावलं. माझं डोकंच फिरलं. देवाचा ऊदही बाधत असेल तर देव हवाच कशाला, असं मी त्यांच्या तोंडावर बोलून गेलो. त्या रागावल्या नाहीत.

"हम इन्हें बढ़ाते नहीं, भैया. गरमाहट ठीक रखते हैं, धुआँ दूर रखते हैं. बढ़ते ये अपने आप हैं. अब दो दिन हम भी डिब्बा नहीं खोलेंगे."

पुडी तशीच खिशात घेऊन मी पायी परतलो. एवढं शिकलेली बाई हात जोडल्यासारखी थांबून राहते, आणि मी देवाला हुकूम द्यायला निघालो होतो. जे माझ्या हातात होतं, ते मात्र दोन वर्षं केलं नव्हतं.

संध्याकाळी आरतीला आत्या पुन्हा सुरू झाली. जमीनच नापीक, बियाणं कितीही टाका, म्हणाली.

"आत्या, जमिनीला बोलू नकोस," मी म्हणालो. मग दादाकडे वळलो. "दादा, तू सांगतोस, की मी रिपोर्ट वाचू?"

घंटा वाजवणारा दादाचा हात थांबला. त्यानं घंटा पाटावर ठेवली. मग म्हणाला, "दोष माझ्यात आहे, आत्या. पहिल्यापासून." त्यानं तेलाची वाटी उचलून वहिनींच्या हातात दिली. आत्यानं चूक कबूल केली नाही. नुसतं एवढंच म्हणाली, "वात पुढे कर गं, तेल सांडेल."

दादाला दिलेला शब्द मोडला, ती बोच आहेच. पण प्रयोगशाळेच्या दारातल्या त्या लांब उभ्या बाईच्या तोंडून मल्हारीच बोलला, असं मला वाटतं. कुणाला पटावं असा आग्रह नाही. त्याच रात्री मी वहिनींना आकडा सांगितला. "तीन म्हणजे कमी नाहीत, भाऊजी," त्या म्हणाल्या. पंचमीला फोन येणार नव्हता. आठ वर्षांत पहिल्यांदा मी देवाकडे काही मागितलं नाही. आपल्या हातचं करावं आणि दार लावून घ्यावं. पुढचं त्याचं.

चंपाषष्ठीला आम्ही पाच पुरुष तळी उचलत होतो. तबक हातात आणि माझा फोन फडताळावर वाजू लागला. तबक मध्येच सोडता येईना. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि स्वतः फोन घेतला. बराच वेळ नुसतं "जी, जी" म्हणत राहिल्या. मग फोन छातीशी धरून माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, एक तगलंय. कवच फोडून बाहेर यायला लागलंय म्हणे."