लाल माकडटोपी आणि आजोबांची बंदूक

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. आणि हा किस्सा अश्विनीसमोर काढायचा नाही. ती आमची सौ., मूळची नागपूरची. तिच्याकडून ऐकलात तर त्यात माझी आणखी शोभा होते.

आधी एक लक्षात घ्या, संशय घेणं हा माझा धंदा आहे. इथे अमेरिकेत, फिनिक्सजवळच्या चँडलरला एका कंपनीत चिपमधले दोष शोधायचा मला पगार मिळतो. सगळं ठीक दिसतंय म्हटलं की मी पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसतो. ठीक दिसतंय म्हणजे काहीतरी लपलंय! ही सवय घरी येताना गेटवर ठेवून येता येत नाही हो.

तर सुरुवात झाली दिवाळीत. आमचा शेजारी रॉन फराळाला आला होता. रिटायर्ड माणूस, सहा फूट उंच, मोजकं बोलणारा. आमच्या गॅरेजमध्ये विंचू निघाला की मी ज्याला हाक मारतो तो हा रॉन. चकली खाता खाता त्याची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली.

हा फोटो म्हणजे आमच्या घराण्याची शान! एका छोट्या संस्थानाचे राजेसाहेब, पायाशी बिबट्या, मागे पंधरावीस माणसं. अगदी उजव्या टोकाला, जरा धूसर, माझे आजोबा. हातात लांब बंदूक.

"माझी नात एमिली येत्या वसंतात पहिल्यांदा शिकारीला येणार," रॉन म्हणाला. "माझ्या आजोबांनी मला नेलं, मी मुलाला नेलं, आता हिची पाळी. तुमच्याकडे आहे असं काही?"

आता गप्प बसावं की नाही माणसानं? आमच्याकडे गणपती असतो, एवढं सांगावं आणि करंजी पुढे करावी. पण नाही!

"शिकार?" मी म्हणालो. "रॉन, शिकार आमच्या रक्तात आहे!"

मग जो काही सुटलो मी! राजेसाहेबांचा नेम चुकला तरी आजोबांचा चुकत नसे. बिबट्या आजोबांचा आवाज ऐकूनच अर्धमेला व्हायचा. शेवटी डोळ्यांत पाणीबिणी आणून म्हणालो, "पण काय करणार! ती परंपरा माझ्यापाशी येऊन थांबली."

रॉननं मान डोलावली. आमची रेवा, सहावीत आहे, ती हातात बेसनाचा लाडू धरून हे सगळं ऐकत होती. तिकडे माझं लक्ष नव्हतं. तिथेच घोटाळा झाला.

मार्च उजाडला आणि घरात लक्षणं दिसू लागली.

पहिलं लक्षण म्हणजे आवाज. रेवाच्या खोलीतून दार बंद करून 'क्यॉक, क्यॉक, कर्रर्र' असं काहीतरी यायचं. गंजलेल्या बिजागरीला सर्दी झाली तर ती जशी बोलेल तसं. मी दार ठोठावलं की एकदम शांतता.

"काय चाललंय गं?"

"नथिंग, बाबा. होमवर्क."

कुठल्या शाळेत हा होमवर्क देतात, मला सांगा!

दुसरं लक्षण म्हणजे ती मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाला टेकून बसायची. नुसती बसायची. जी मुलगी जेवताना दोन मिनिटं स्वस्थ बसत नाही, ती पुतळ्यासारखी! नाकावर माशी बसली तरी हात हलवत नव्हती. मला वाटलं, कुठल्या बुवाबाबाच्या नादी लागली की काय ऑनलाइन.

आणि मग धुण्याच्या टोपलीत तळाशी सापडला कोट. पानापानांचा, मातकट हिरवा, झाडीत लपून बसायला घालतात तसला. रेवाच्या मापाचा. त्याच संध्याकाळी कुंपणापाशी ती आणि रॉन कुजबुजताना दिसले, आणि मी जवळ जाताच रॉन मोठ्यानं हवेबद्दल बोलायला लागला. फिनिक्सच्या बाजूला हवेबद्दल काय बोलणार? ऊन आहे, एवढीच तर बातमी असते!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रॉन माझ्या पोरीला शिकारीच्या नादी लावतोय! तिच्या हातात बंदूक देणार!

खरं सांगतो, तेव्हा मी घाबरलो. गंमत नाही. या देशात पोर शाळेत पोचलं की सुटकेचा श्वास टाकणारा बाप आहे मी. माझी मुलगी आणि बंदूक हे दोन शब्द एका वाक्यात आले तरी मला घाम फुटतो.

मी अश्विनीला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"काहून इतका डोक्याला ताप करून घेऊन राहिला तू?" ती म्हणाली. "मुलगी आहे, मोठी होऊन राहिली. काही नाही होत."

आणि पाठ फिरवून हसली. हो, हसली! खांदे हलले, मी पाहिलं. म्हणजे हीसुद्धा सामील? आता माझा घरातल्या कोणावर म्हणून विश्वास उरला नाही.

शुक्रवारी रेवा एमिलीकडे स्लीपओव्हरला गेली. एमिली म्हणजे रॉनकडेच. पहाटे मला जाग आली, किंवा मी झोपलोच नव्हतो म्हणा. खिडकीतून पाहतो तर रॉनचा ट्रक सुरू, मागे लांबलचक काळी पेटी, आणि तो हिरवा कोट घालून माझी रेवा टुणकन आत चढली.

"अश्विनी! ऊठ! रेवाला घेऊन चालला तो!"

"जाऊ दे रे. झोप," अश्विनी म्हणाली आणि कूस बदलली.

आईचं काळीज म्हणतात ते हेच का? मी पायजम्यावरच गाडी काढली.

पाठलाग करणं वाटतं तितकं सोपं नसतं. समोरच्याला दिसायचं नाही आणि समोरचा नजरेआड जाऊ द्यायचा नाही. पेसन गाव मागे टाकून वर पाइनच्या जंगलात शिरलो तेव्हा उजाडलं होतं आणि बाहेर अशी थंडी, की दात वाजायला लागले. मी चँडलरच्या हिशोबानं आलेलो, टी-शर्टवर. आता काय करायचं? गाडीच्या कप्प्यात हात घातला तर सापडली माकडटोपी! गेल्या वर्षी आई आली होती, तेव्हा स्वतः विणून ठेवून गेली होती. लालभडक. "आई, इथे वाळवंटात माकडटोपी?" म्हणून मी हसलो होतो. मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि टोपी हनुवटीपर्यंत ओढली.

रॉनचा ट्रक एका कच्च्या रस्त्याच्या कडेला उभा होता, रिकामा. पुढे नुसतं जंगल. कुठे शोधणार? हाक मारली तर सावध होतील. म्हणून हातात एक काठी घेतली, अस्वलबिस्वल आलंच तर म्हणून, आणि वाकून वाकून पुढे सरकू लागलो.

आणि एवढ्यात आवाज आला. 'क्यॉक, क्यॉक, कर्रर्र.'

माझ्या घरातला आवाज! माझी पोर! मी आवाजाच्या दिशेनं निघालो. आवाज थांबला की मी थांबायचो. पुन्हा 'क्यॉक' आलं की झुडपातून डोकं वर काढून इकडे तिकडे पाहायचो, आणि परत चार पावलं पुढे. त्यावेळी मला वाटत होतं की मी फार हुशारीनं चाललोय.

इतक्यात माझ्या शेजारचं झुडूप फुटलं! फडफडफड करत काहीतरी भलं मोठं, काळं, पंखांचं माझ्या तोंडासमोरून उसळलं. मी कसला बाप आणि कसलं काय, "आई गंऽऽ! मेलो!" करून असा बोंबललो, की अख्खं जंगल जागं झालं असेल. डोळे मिटून काठीनं दिसेल ते झुडूप बडवत सुटलो, पाय अडकला आणि सपशेल आडवा.

मग शांतता. आणि त्या शांततेत, जवळूनच, माझ्या लेकीचा आवाज आला.

"रॉन, वेट. दॅट्स नॉट अ टर्की. दॅट्स माय डॅड."

डोळे उघडले. समोर झाडाला टेकून दोघी मुली बसलेल्या. मध्ये रॉन, गळ्यात दुर्बीण. बंदूक त्याच्या मांडीवर, तीही उघडून ठेवलेली, रिकामी.

"मला माहितीये," रॉन म्हणाला. "बराच वेळ पाहतोय. टर्की इतकी कुरकुर करत चालत नाही. गुड मॉर्निंग, मिलिंद."

मग त्यानं मला हात देऊन उठवलं आणि शांतपणे दोन गोष्टी समजावल्या. एक, त्यांच्या घरात पहिल्या वर्षी पोरांनी बंदुकीला हातसुद्धा लावायचा नाही. न हलता बसायचं, पाहायचं आणि लाकडी डबी घासून टर्की पक्ष्याच्या मादीचा आवाज काढायचा. तेच ते क्यॉक-क्यॉक. दोन, या दिवसांत या जंगलात हाकेला ओ देत लाल डोकं वर काढत येतो तो फक्त नर टर्की.

"लाल टोपी घालून या दिवसांत जंगलात यायचं नाही," तो म्हणाला. "कधीच नाही."

म्हणजे बघा! माझ्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा जंगलात साद घातली आणि त्या सादेला भुलून आला कोण, तर माकडटोपी घातलेला तिचा बाप!

खरा टर्की कुठे गेला? मुली तासभर त्याच्यासाठी श्वास रोखून बसल्या होत्या. मी झुडपं बडवली तसा तो त्यांच्याकडे पाठ करून दरीत जो गेला, तो गेलाच.

"पण मला सांगायचं तरी!" मी रेवावर ओरडलो. "तुझी आई, हा रॉन, सगळे मिळून!"

"इट वॉज अ सरप्राइज, बाबा!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तूच म्हणालास ना, परंपरा माझ्यापाशी थांबली? यू वेअर सो सॅड. मला पणजोबांच्या फोटोखाली एक फेदर लावायचं होतं. फॉर यू."

मार्चपासून मी ज्याच्या त्याच्यावर संशय घेत होतो, आणि पोरगी माझ्या एका थापेसाठी पुतळा होऊन बसायला शिकली होती. मी तिला जवळ घेतलं. टर्की उसळला ते झुडूप पाहायला माझ्याबरोबर आली तेव्हा तिला तिथे एक पीस सापडलं, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचं. अगदी जपून तिनं ते खिशात ठेवलं.

संध्याकाळी पीस फोटोखाली लागलं. अश्विनी हसून हसून सोफ्यावर आडवी झालेली. रेवानं साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, माझ्या वडिलांना.

"आबा, सी! पणजोबांसाठी! ते शिकारी होते ना?"

"कोण, आमचे अण्णा?" वडील म्हणाले. "छे गं! अण्णांनी जन्मात बंदूक धरली नाही. ते हाक्याला जायचे. झुडपं बडवायची, बोंबा मारायच्या आणि जनावर राजेसाहेबांच्या समोर पळवायचं."

"मग हातात बंदूक?" मी फोटोकडे बोट दाखवलं.

"काठी आहे ती गाढवा!"

रेवा आधी फोटोतल्या काठीकडे, मग माझ्याकडे बघायला लागली. मी घाईघाईनं म्हणालो, "बरं, आबा झोपतील आता, ठेव फोन."

"अरे थांब, सकाळ आहे इथे," वडील म्हणाले. "ऐक तर. पुढे अण्णांना हाक्यावरून काढून टाकलं. राजेसाहेब वैतागले होते."

"का?" रेवानं विचारलं.

"अगं, जनावर समोरून उठलं की अण्णाच घाबरायचे. डोळे मिटून असे काही बोंबलायचे, की जनावर शिकाऱ्याकडे जायच्या ऐवजी भलतीकडेच पळून जायचं!"

रेवानं ते पीस फोटोखालून काढलं आणि माझ्या माकडटोपीत खोचलं.