उलटी लावलेली गोधडी
नव्या नक्षीची गोधडी कुठे शिवली जातेय असं कानावर आलं की मला दम निघत नाही. त्या दिवशी तशीच शेवगावजवळच्या एका वस्तीवर गेले. तिथल्या बाईंनी आपली गोधडी अंगणातल्या तारेवर पसरली आणि मी उभ्या जागी ओरडलेच. साखर कारखान्याचं धुराडं! जुन्या छत्रीच्या कापडाचा धूर आणि शाळेच्या निळ्या शर्टांचं आभाळ.

पण मला खरी हाव टाक्यांची. मी गोधडी उलटली, चष्मा वर केला आणि नाक कापडाजवळ नेलं. बाई तडकल्याच, "ढेकूण न्हाईत त्यात! धुतलीय म्या!"

"ढेकूण नाही हो, टाके बघतेय!" मला हसू आवरेना. मागे सगळं पांढरं धोतर होतं. त्यावर ठिगळांचं चित्र नव्हतं, होता नुसता काळा धावदोरा. आभाळात सरळ जाणारा आणि धुरापाशी आला की गरगरत वर चढणारा. काय तो हात! गोधडी विकत घेऊनच निघाले आणि नगरला घरी भिंतीवर मुद्दाम उलटी लावली.

पुढे एकदा बाई माझ्याकडे आल्या. "ताई, उलटी लावली की वो!" म्हणत तरातरा भिंतीपाशी गेल्या आणि एकदम थांबल्या. मग त्यांनी नाक अगदी जवळ नेलं.

"ढेकूण दिसला का?" मी विचारलं.

त्या वळल्यासुद्धा नाहीत. "गप बसा ओ ताई, बघू द्या की!"