नाशिकच्या चंद्राचा उपवास

धाकट्या जावेची मान माझ्या खांद्यावर पडली तेव्हा आमची बोट सिडनीच्या बंदरात मध्यावर होती. मला वाटलं, झोपली. मग हाताला तिचा घाम लागला, गार. हाक मारली तर डोळे अर्धे उघडे, जीभ जड. तिला साखरेचा आजार. सकाळी तिने गोळी घेतली होती आणि पोटात काही नव्हतं.

त्या दिवशी संकष्टी होती. ती पाण्याशिवाय काही घेत नाही, चंद्रोदयानंतरच सोडते. कॅलेंडर तिने घरून पिशवीत घालून आणलं होतं आणि वेळ त्यातलीच धरली होती. नाशिकला चंद्र रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे सिडनीत मध्यरात्र उलटल्यावर. आदल्या दिवशी मी म्हणाले होते, "इथल्या चंद्रावर सोड. चंद्र काय दोन हायेत?"

"ताई, इथला उलटा दिसतो म्हणे. माझं पोरगंच सांगत होतं. उलट्या चंद्राला ओवाळू का?"

"मग मर उपाशी."

त्यावरून आमचं बोलणं बंद झालं. म्हणून सकाळी ती गोळी गिळताना दिसली तरी मी तोंड उघडलं नाही. ती चूक माझी.

तिचा मुलगा तिथे नोकरीला आहे. सुट्टी काढून तो आम्हाला फिरवत होता. घाई नव्हती. आधी बाग पाहिली. भर उन्हात माणसं गवतावर आडवी पडलेली. मग मोठा लोखंडी पूल, मग पांढऱ्या शिंपल्यांसारखं नाटकगृह. ते मला बरं वाटलं, पण तासभर बघण्यासारखं नाही. मग बोट. मुलगा फोटो काढायला वरच्या मजल्यावर गेला आणि हे झालं.

समोरच्या बाकावर एक बाई केक खात होती. तिची भाषा मला येत नाही आणि विचारायला वेळही नव्हता. मी तिच्या हातातला केक ओढून घेतला, वरची गोड मलई बोटाने काढली आणि जावेच्या हिरड्यांना चोळली. पुन्हा काढली, पुन्हा चोळली. बाई आधी ओरडली. मग तिला उमगलं, आणि ती धावत जाऊन संत्र्याचा रस घेऊन आली. जाऊ गिळायला लागली तसा मी तो घोट घोट पाजला. बोट धक्क्याला लागली तेव्हा ती सरळ बसली होती.

मुलगा खाली आला. "मोठ्याई, काय झालं?"

"तुझ्या आईचा उपवास सुटला."

त्याने तिला तिथूनच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तपासलं आणि आधी जेवायला घाला म्हणून सांगितलं. हॉटेलात बसल्यावर जावेने मला विचारलं, "त्या केकात अंडं होतं?"

"असेल. मी विचारत बसले नाही."

"लय पाप लावलं तुम्ही, ताई."

"माझ्या नावावर टाक. आधी भात खा."

खाल्ला. नंतर धक्क्यावरच्या बाकावर बसून आम्ही बोटी बघितल्या. त्या सारख्या येत-जात होत्या. केकवाल्या बाईला काही म्हणायचं राहूनच गेलं.

जाऊ आता ओझरला असते, मी नाशिक रोडला. संकष्टी ती अजून धरते. उपवासाच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही, ते मात्र आधी डॉक्टरला विचारते. बोटीवर मरायला टेकली होती ती. ती जिवंत आहे.