धाकटीच्या मनगटाचे पहिले चार दिवस

मुलांनो, परवा तुमच्या आईचा फोन आला. तुम्ही आता राहता तिकडच्या डॉक्टरांनी धाकटीच्या, तुमच्या बहिणीच्या, जुन्या दुखापतीचा सगळा तपशील मागितला आहे. फाइलमधले कागद मी क्रमाने लावून पाठवले. पण पहिल्या चार दिवसांबद्दल त्यात काहीच नाही. ते मीच लिहायला हवं.

तेव्हा धाकटी दहा वर्षांची होती, मे महिन्याच्या सुट्टीत डोंबिवलीला माझ्याकडे आली होती. स्केटिंग करताना ती उजव्या तळहातावर पडली. सूज बेताची होती, बोटं हलत होती. मुरगळलं असेल म्हणून मी आंबेहळद उगाळून लेप लावला. तीन दिवस लावत राहिले. चौथ्या दिवशी शेजारणीच्या सांगण्यावरून हाडवैद्याकडे नेलं. "नस चढलीय, आजी. आत्ता उतरवतो," म्हणत त्याने मनगट जोरात ओढलं. ती किंचाळली.

संध्याकाळपर्यंत मनगट दुप्पट झालं. मी तिला रिक्षात घालून ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं. तुमचे आईबाबा घोडबंदर रोडच्या घरून तिथे आले.

एक्स-रे पाहून सर्जननी विचारलं, "हात कोणी ओढला?"

 धाकटीच म्हणाली, "त्या काकांनी. आजी म्हणाली, रडू नकोस, झालं."

तुमच्या आईने माझ्याकडे पाहिलं. "आई, तू इंग्रजी घेऊन एम.ए. झालीस ना गं?"

सर्जननी समजावलं. हाड मोडलं होतं ते टोकाजवळच्या वाढीच्या पट्टीतून. या पट्टीमुळेच हाड लांबीला वाढतं, आणि तिला ओढाताण सोसत नाही. "भूल देऊन हलक्या हाताने एकदाच बसवणार, मग बारीक तारांनी धरून ठेवायचं. पट्टी मेली असेल तर या हाडाची वाढ थांबेल, हातातलं शेजारचं दुसरं हाड वाढत राहील आणि मनगट वाकडं होत जाईल."

"ते उद्या कळेल?"

"नाही. वर्षभर तरी थांबावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचरवरून ती ओरडली, "डॉक्टर, उजवा हात हं! आणि आजीला लेप लावू देऊ नका!" नर्स हसल्या. मला हसू आलं नाही.

हाड एका प्रयत्नात बसलं. चार आठवड्यांनी तारा काढल्या. मग दर तीन महिन्यांनी एक्स-रे. सर्जन एक्स-रेवर मोजपट्टी धरून दोन्ही हाडं मोजायचे, आणि ते मान वर करेपर्यंत मी त्यांच्या हाताकडे बघत बसायची.

तेव्हा तिकडच्या डॉक्टरांना सांगा: ऑपरेशन पाचव्या दिवशी झालं. त्याआधी हात एकदा ओढला गेला होता, आणि तो मी ओढू दिला होता.

इथल्या शेवटच्या एक्स-रेत वाढीच्या पट्टीचा एक कोपरा बंद झालेला दिसतो; तेवढ्यापुरती वाढ थांबली आहे. बाकीची पट्टी उघडी आहे आणि हाड वाढतं आहे.