मन्मथ टेलरची घागर

मन्मथ टेलरला एकच हौस होती, लोकांनी आपल्याला हाक मारावी. बाप लहानपणीच गेला, मामाच्या घरी सगळ्यांची जेवणं झाल्यावर याला बोलावलं जायचं. त्यामुळे गावात कुठे चार माणसं बसली आणि "मन्मथ, ये की रे" असं कुणी म्हटलं, की हा गडी मशीन सोडून धावायचा. त्याचं मशीन गावच्या लिंगायत मठाच्या ओसरीत, बिनभाड्याचं. मी गावच्या शाळेत मास्तर, शाळा सुटली की मीही तिथेच पडीक असायचो.

असा माणूस ख्रिस्ती होतो म्हणजे कमालच. पण झाला. त्याची बायको नीलम्मा बाळंतपणात अडली, तेव्हा तिला उदगीरला मिशनच्या दवाखान्यात नेलं. मूल गेलं, ती वाचली. तिथली एक नर्स रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून प्रार्थना करायची आणि दोघांची नावं घ्यायची. "मास्तर, माझं नाव घिऊन कोनी देवापाशी बसलंय, असं जल्मात झालं न्हवतं," मन्मथ मला म्हणाला. त्या उन्हाळ्यात दोघांनी उदगीरला जाऊन बाप्तिस्मा घेतला.

गावाला पत्ता नव्हता. गळ्यातलं इष्टलिंग त्यानं उतरवून ठेवलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून भर उकाड्यात सदऱ्याची गळ्यापर्यंतची गुंडी लावून बसायचा. रविवारी दोरे आणायचं निमित्त काढून उदगीरला जायचा आणि चर्चमध्ये दाराजवळच्या बाकावर, रस्त्याकडे पाठ करून बसायचा. "तितं गेलं की गावाचं भ्या वाटतंय अन् गावात आलं की देवाचं," तो सांगायचा. सुई बोटात घुसायची, काखेत शिवायची बाही गळ्याला लावून ठेवायचा. हे सगळं जाणणारा गावात मी एकटा. मला त्याची कीव यायची आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटायची.

सन ब्याऐंशी. पावसानं पाठ फिरवलेली, श्रावण निम्मा कोरडा गेलेला. जो तो बोलत होता ते मात्र नव्या जिल्ह्याचं. उस्मानाबादचे हेलपाटे संपणार, लातूर जिल्हा होणार. जिल्हा व्हायला आठ दिवस उरले असताना गावानं ठरवलं, सोमवारी महादेव कोंडायचा.

आमच्याकडे पाऊस ओढ देतो तेव्हा हे करतात. गाभाऱ्याचा उंबरा चिखलानं लिंपून घ्यायचा आणि पिंड बुडेपर्यंत आत पाणी ओतायचं. घरटी एक घागर. श्रीमंत असो की गरीब, दोन नाही आणि अर्धी नाही.

मन्मथ माझ्याकडे आला. घागर न्यावी तर उदगीरला दिलेला शब्द मोडतो, न न्यावी तर गाव तुटतं. नीलम्मानं तर सरळ सांगितलं होतं, "मी न्हाई येत. कोनी इचारलं तर खरं सांगा." हा मात्र कपाळ धरून बसला. तेव्हा मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, "रिकामी ने. वर लिंबाचा पाला ठेव, फडकं बांध. अंधारात ओतल्यासारखं कर. गावही राजी, तुझा देवही राजी." या तोडग्यावर मी स्वतःच खूश झालो होतो.

त्यानं तसंच केलं. सगळ्या घरांच्या घागरी झाल्या, पण पिंडीचा माथा नखभर कोरडाच राहिला. मठाचा कारभार बघणारे चंद्रप्पा वाकून बघत म्हणाले, "कोनाची तरी घागर कमी हाय." सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या रुद्राणीकडे. म्हातारी, विधवा, विहिरीवर जिचा नंबर सगळ्यात शेवटी लागायचा. तिनं शपथा घेतल्या. ऐकतंय कोण?

आठ दिवसांत आभाळात ढग फिरकला नाही. लातूरला जिल्ह्याचे फटाके वाजले, त्याच दिवशी आमच्या विहिरीवर बायांनी रुद्राणीची घागर आपटून फोडली आणि तिला हाकलून दिलं. ती रडत मठासमोरून गेली. मन्मथनं मशीन थांबवलं.

"मास्तर, चला माझ्यासंगं. चंद्रप्पांना सांगू."

"थांब की थोडं," मी म्हणालो. "पाऊस पडला की सगळे विसरतील."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि एकटाच उठला. आत चंद्रप्पांसमोर पंधरा-वीस माणसं बसलेली. मी ओसरीतल्या खांबाआड उभा राहून बघत होतो.

"रुद्राणीमावशीला बोलू नका," तो म्हणाला. "रिकामी घागर माझी व्हती. मी येशूचा झालोय. तरी तुमच्यातच ऱ्हावं वाटलं, म्हनून खोटं वागलो."

मग चंद्रप्पांनी विचारलं, "ही अक्कल तुला शिकवली कोनी?"

मी खांबाआड आणखी सरकलो. मन्मथनं माझ्याकडे मान वळवली नाही. "कोनी न्हाई. माझीच."

संध्याकाळच्या आत त्याचं मशीन रस्त्यावर आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ते फाट्यावर लिंबाखाली मांडलं. रुद्राणीला विहिरीवर पुन्हा जागा मिळाली, पण तीसुद्धा त्याच्याकडे कापड द्यायला धजली नाही. दोन वर्षं त्यानं परगावच्या लोकांचीच कामं केली. कुठे चार माणसं बसलेली दिसली की त्याची मान अजूनही वर व्हायची, कुणी बोलवायचं नाही, आणि ती खाली जायची. पण भर दुपारी, एसट्यांची धूळ उडत असताना, तो मशीनशेजारी गोणपाटावर गाढ झोपलेला असायचा. मला मात्र ओसरीत गार वाऱ्यातही डुलकी लागत नसे.

नव्या जिल्ह्यानं मला आदर्श शिक्षक केलं. लातूरहून सत्कार घेऊन परतताना मी फाट्यावर जीप थांबवायला लावली. मन्मथ एका पायजम्याला नाडीची पट्टी शिवत होता.

"त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?" मी विचारलं.

त्यानं दातानं दोरा तोडला. रागावला नव्हता. "मास्तर, माझं तेवढं मी सांगितलं. तुमचं तुमीच सांगायचं व्हतं."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गावात चंद्रप्पा हार आणि लेझीम पथक घेऊन थांबले होते. मी जीपमध्ये जाऊन बसलो.